तेर : पांढरीतून वर आलेले तगर

मराठी मुलखात गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’. पिढ्यानपिढ्या एकाच ठिकाणी चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांच्यावरच नव्या उभ्या राहिल्या, राख आणि केरकचरा तेथेच जिरला, की मातीचा रंग उतरतो. हे नाव त्यावरून पडले. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावाची पांढरी दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. गावात आणि गावाभोवती मातीच्या उंच टेकड्या आहेत. परक्या माणसाला त्या निसर्गाने केलेले उंचवटे वाटतात. प्रत्यक्षात एका मोठ्या नगराचे ते ढासळलेले अवशेष होत. जोराचा पाऊस झाला, की या टेकड्यांवरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर अकीकाचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रे आणि क्वचित एखादे नाणे उघडे पडते. दख्खनमधील अशा टेकड्यांना दुसरीही एक झीज सोसावी लागली. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत. नगराचे अवशेष अशा रीतीने खत म्हणून काळीत पसरले.

या मातीतून जे निघेल ते उचलून, पुसून, घरात सांभाळून ठेवण्याचे काम तेरमध्ये प्रथम हाती घेतले ते गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. तेर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली तशी पुरातत्त्वाची दफ्तरेही एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत गेली. टेकडीवरून वाहून येणारे मणी अर्थातच या फेरबदलांसाठी थांबणार नव्हते. लामतुरे यांच्या संग्रहाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावे लागते. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यातून ‘कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय’ उभे राहिले. येथील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामागेही एका माणसाचा असाच ध्यास होता. पण केळकरांनी देशभर हिंडून वस्तू मिळवल्या. तेरचा संग्रह मुख्यतः एका गावाच्या मातीतून आलेला आहे. त्यामुळे तो एखाद्या हौशी संग्राहकाच्या कपाटासारखा वाटत नाही. एका बुडालेल्या शहराचे घरगुती सामान समोर मांडून ठेवावे, तसे त्याचे स्वरूप आहे.

या सामानात राजेरजवाड्यांचे वैभव फारसे नाही. दिवे, जाती, मडकी, मुलांची खेळणी, मातीच्या देवता, बांगड्या, मणी, नाणी असा हा पसारा आहे. मणी पाहतानाच बराच वेळ जातो. अकीक, कार्नेलियन, स्फटिक, काच, शंख, भाजलेली माती अशा नाना द्रव्यांचे हे मणी आहेत. अकीकासारख्या कठीण दगडाला आरपार बारीक भोक पाडणे हे सोपे काम नव्हे. असे मणी मोठ्या संख्येने मिळतात तेव्हा त्यांच्यामागे कारागिरांची वस्ती, कच्चा माल आणणारे व्यापारी आणि ते विकत घेणारे गिऱ्हाईक हे सारे गृहीत धरावे लागते.

भाजलेल्या मातीच्या मूर्तींमध्ये पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या मूर्ती विशेष आहेत. त्या दोन साच्यांतून घडवलेल्या असतात. पुढची बाजू एका साच्यातून, मागची दुसऱ्यातून, आणि ओली असतानाच दोन्ही अर्धे जोडून भाजायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, वजनाला हलकी होते आणि भट्टीत तडकण्याचा धोकाही कमी होतो. दख्खनमध्ये सातवाहन काळात हे तंत्र एकाएकी बहरलेले दिसते आणि त्यामागे रोमन जगाशी आलेला संबंध असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही चेहऱ्यांवरील केसांची ठेवण पाहिली, की हा तर्क उगाच केलेला नाही हे पटते. त्यांच्या सोबतच लज्जागौरीच्या लहानशा मूर्ती आहेत. मस्तक नसलेली, प्रसूतीच्या आसनात बसलेली ही देवी मात्र पूर्णपणे इथल्या मातीची आहे.

याच संग्रहातील एका छोट्या वस्तूपाशी अवश्य थांबावे. रोमन नाण्यांवरून छाप घेऊन बनवलेल्या मातीच्या चकत्या तेरला मिळाल्या आहेत. अभ्यासक त्यांना ‘बुला’ म्हणतात. अशा चकत्यांना दोरा ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते, म्हणजे त्या गळ्यात घालण्यासाठी होत्या. रोमन सम्राटाचे सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने मातीत उमटवलेला सम्राटाचा चेहरा गळ्यात बांधला. परदेशी वस्तूंची हौस आणि त्या वस्तूंच्या स्वस्त नकला ही जोडी बाजारपेठेइतकीच जुनी असावी.

या संग्रहातील सर्वांत नामांकित वस्तू म्हणजे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. अंगावर मोजकीच पण ठसठशीत आभूषणे असलेली ही उभी स्त्री एखाद्या आरशाची मूठ असावी, असे मानले जाते. मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये ‘ललित कला’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला आणि ती विद्वानांच्या जगात पोहोचली. तिला एवढे महत्त्व येण्याचे कारण इटलीत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासारखी घडण असलेल्या मूर्ती भारतात कोठे मिळतात, याचा शोध घेताना अभ्यासकांची नजर जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि तेर या दोन ठिकाणांवर स्थिरावली. पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली, असे निर्विवादपणे सांगता येत नाही. पण तसे मानणाऱ्यांच्या हातातील पुराव्यांत तेरच्या मूर्तीचा समावेश आहे. त्याच वर्षी, १९६० मध्ये, ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनीही तेरच्या पुरावस्तूंवर एक छोटे पुस्तक मुंबईहून प्रसिद्ध केले. मराठवाड्यातील एका खेड्यातल्या खासगी संग्रहाची दखल लंडनच्या अभ्यासकाने घ्यावी, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती.

हे सारे तेरलाच का सापडावे, याचे उत्तर गावाच्या जुन्या नावात आहे. ‘तगर’ म्हटले, की आजच्या वाचकाला अंगणातले पांढरे फूल आठवेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र हे एका बाजारपेठेचे नाव होते आणि ते ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखली जाणारी समुद्री व्यापाराची मार्गदर्शिका तेव्हा कोणा अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिली. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. तगरहून साधे जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल, ‘मोलोखिना’ नावाचे वस्त्र आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथे येणारा माल भडोचकडे जातो. हा माल गाड्यांवरून आणि धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून न्यावा लागतो, अशी नोंदही तो करतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा उल्लेख आहे. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवत. म्हणजे त्यांना आपले मूळ या नगरात आहे असे सांगण्यात भूषण वाटत होते.

पण हे तगर नेमके कोठे? एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी त्यासाठी बरीच ठिकाणे सुचवली. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. १९०१ मध्ये पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. नावाचे रूपांतर सरळ होते : तगर, तयर, तेर. अपभ्रंश भाषेतील ‘करकंडचरिउ’ या जैन काव्यात धाराशिवच्या लेण्यांजवळील गावाचे नाव ‘तेरापूर’ असेच येते. अंतराचा हिशेबही जुळतो. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. वीस दिवसांनी भागले, तर रोजची मजल सतरा-अठरा किलोमीटरची येते. पैठण ते तेर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असून, दहा दिवसांत ते कापायचे तर रोजची मजल पंधरा किलोमीटर पडते. भरलेल्या बैलगाडीचा वेग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. तेर पैठणच्या थेट पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, ही एवढीच अडचण उरते. आणि ऐकीव माहितीवर दिशा सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

फ्लीट यांच्या लेखानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली. त्यांचा वृत्तान्त सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला. तेरचा इतिहास केवळ टेकड्यांच्या पोटात नाही, तर गावात रोजच्या पूजेअर्चेत उभा आहे, हे त्यातून प्रथमच समोर आले. त्रिविक्रमाचे मंदिर ही ती वास्तू.

बाहेरून पाहता या मंदिराचा घाट नेहमीच्या शिखराच्या देवळासारखा नाही. पुढे सपाट छताचा मंडप आहे आणि त्यामागे विटांचे एक दालन. या दालनाची मागची भिंत अर्धगोलाकार आहे. त्यावरील छप्पर बैलगाडीवर तट्ट्या कमानदार बांधावा, तसे गोलाईचे आहे. समोरच्या दर्शनी भागावर चैत्यकमानीचा आकार आहे. कार्ले किंवा भाजे येथील लेणी पाहिलेल्या माणसाला ही रचना तत्काळ ओळखू येते. फरक एवढाच, की तेथे ती डोंगर कोरून केलेली आहे आणि येथे विटांनी बांधलेली आहे. डोंगरातील चैत्यगृहे ज्या उघड्यावरच्या बांधीव वास्तूंच्या नमुन्यावर कोरली गेली, त्या वास्तू जवळजवळ सर्व नष्ट झाल्या. छप्परासह उभ्या राहिलेल्या अशा विटांच्या वास्तू भारतात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर ही दुसरी प्रसिद्ध वास्तू. दोन्ही आज टिकून आहेत, याचे एक कारण त्यांच्यातील पूजा थांबली नाही हे असावे. तेरच्या दालनात आज एक पाऊल आकाशाकडे उचललेला, बळीकडून तीन पावले भूमी मागणारा विष्णू उभा आहे.

मूळ वास्तू बौद्ध चैत्यगृह होते, हे कझिन्स यांचे मत पुढे सर्वत्र रूढ झाले. अर्धगोलाकार पाठीची वास्तू म्हणजे बौद्धच, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. ऐहोळेचे सुप्रसिद्ध दुर्ग मंदिर याच आकाराचे आहे आणि ते बौद्ध नाही. त्यामुळे काही अभ्यासक त्रिविक्रम मंदिराच्या मूळ धर्माबाबत सावधपणे बोलतात आणि त्याच्या काळाबाबतच्या मतांतही काही शतकांचे अंतर आहे. तेरमध्ये बौद्धांची मोठी वस्ती होती, याबद्दल मात्र शंका नाही. पुढील उत्खननांत विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष येथे मिळाले आहेत.

तेरच्या विटांचीही एक गंमत आहे. जुन्या बांधकामांतील काही विटा इतक्या हलक्या आहेत, की त्या पाण्यावर तरंगतात. गावात येणाऱ्या पाहुण्याला हा चमत्कार म्हणून सांगितला जातो. त्यामागील युक्ती कुंभाराची आहे. चिखलात भुसा किंवा तूस कालवून वीट थापली, की भट्टीत ते जळून जाते आणि त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या राहतात. अशी वीट वजनाला हलकी होते, छपराचा भार कमी होतो. गावातील उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच असून, त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा विख्यात आहे. मराठवाड्याच्या उन्हापावसात आणि वाळवीच्या राज्यात हजार वर्षांहून अधिक काळ लाकडाने टिकून राहावे, हा त्या तरंगणाऱ्या विटेपेक्षा मोठा चमत्कार म्हणावा लागेल.

टेकड्यांच्या पोटात काय आहे, हे शास्त्रशुद्ध रीतीने पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी केला. त्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळातील वसाहतीचे थर, घरांचे अवशेष, रोमन संपर्काच्या खुणा सांगणारी भांडी हे सारे त्यातून निश्चित झाले. नंतरच्या दशकांतही येथे वेळोवेळी उत्खनने झाली. तरीही टेकड्यांचा फार थोडा भाग खणला गेला आहे, कारण गाव त्यांच्या अंगाखांद्यावर वसलेले आहे. जिवंत गावाखालच्या शहराचे उत्खनन करायचे तर आधी गाव हलवावे लागेल. तेरच्या लोकांनी त्याला होकार द्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.

लामतुरे संग्रहाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी येथेच कळतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. कोणत्या थरात, कोणत्या घरात, कशाच्या शेजारी मणी मिळाला हे ठाऊक असेल, तर तो मणी काळ सांगतो, घरधन्याची ऐपत सांगतो, कधीकधी त्याचा व्यवसायही सांगतो. पावसाने धुऊन वर आलेला मणी हे काहीच सांगू शकत नाही. तो सुंदर असतो एवढेच. लामतुरे संग्रहातील असंख्य वस्तू अशा ‘थर सुटलेल्या’ आहेत. हस्तिदंताच्या त्या मूर्तीचा काळही तिच्या घडणीवरून आणि इतर मूर्तींशी तुलना करूनच ठरवावा लागला. कडक शिस्तीच्या पुरातत्त्वज्ञाला ही गोष्ट खटकते आणि ती खटकलीही पाहिजे. पण त्या वेळी दुसरा पर्याय थर जपण्याचा नव्हताच. वर आलेल्या वस्तू एक तर पुढच्या पावसात नदीत गेल्या असत्या, खताच्या गाडीतून शेतात गेल्या असत्या किंवा चार पैशांना एखाद्या दलालाच्या पिशवीत जाऊन पडल्या असत्या. तेथून पुढे ‘तेर’ हे नावही त्यांच्यापासून सुटले असते. लामतुरे यांनी थर वाचवला नाही. तो त्यांच्या हातात नव्हता. गाव मात्र त्यांनी वाचवले. प्रत्येक वस्तूचा पत्ता निदान ‘तेर’ एवढा तरी राहिला. चापेकरांसारख्यांच्या खणलेल्या चरांत नेमक्या थरातून मिळालेल्या वस्तूंशी या बेवारस वस्तू ताडून पाहता येतात, त्या याच पत्त्यामुळे.

योगायोग असा, की पेरिप्लसने एका दमात सांगितलेल्या दोन्ही नगरांची कहाणी या बाबतीत सारखी आहे. पैठणचे शासकीय संग्रहालयही बाळासाहेब पाटील या स्थानिक संग्राहकाच्या परिश्रमांतून उभे राहिले आणि त्यांचेच नाव धारण करते. सातवाहनांच्या राजधानीचा आणि त्यांच्या मोठ्या बाजारपेठेचा ऐवज आधी शासनाने नव्हे, तर गावातील माणसांनी सांभाळला.

तेरला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण संग्रहालयासाठी येत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. ते येतात संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला. ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन असलेले गोरा कुंभार याच गावचे; वारकरी त्यांना ‘तेरढोकीचे गोरोबा’ म्हणून ओळखतात. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात दंग होऊन पोटच्या पोराचे भान हरपलेला कुंभार आणि संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटण्याने ठोकून ‘कोणते मडके कच्चे’ हे सांगणारा कुंभार, या दोन्ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहेत. गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे याच नदीकाठची माती तुडवून कोणी दोन साच्यांच्या पोकळ मूर्ती, रोमन नाण्याच्या चकत्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या विटा भाजल्या होत्या. समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या वारकऱ्याने वाट वाकडी करून संग्रहालयात डोकावले, तर त्याला तेथील भांड्यांची ओळख कोणी करून द्यावी लागणार नाही. मडके पक्के भाजले आहे की नाही, हे त्यांतल्या अनेकांना नुसते वाजवून कळते. संग्रहालयात ते वाजवून पाहण्याची अर्थातच परवानगी नाही.

तेर हे धाराशिव शहरापासून (२०२३ पूर्वीचे उस्मानाबाद) साधारण तीस किलोमीटरवर आहे. कुर्डुवाडी-लातूर मार्गावरील ढोकी हे जवळचे रेल्वे स्थानक. एक सबंध दिवस हाताशी असावा. सकाळी त्रिविक्रमाचे दालन मागच्या बाजूने फेरी मारून नीट पाहावे, कारण त्या वास्तूचे वेगळेपण समोरच्या मंडपातून लक्षात येत नाही. संग्रहालय त्यानंतर पाहावे आणि परतताना तेरणेच्या काठी एखाद्या टेकडीच्या कडेपाशी थांबावे. पाण्याने कातरलेल्या त्या उभ्या कडेत राखेचे पट्टे, खापरांचे तुकडे आणि विटांच्या ओळी उघड्या डोळ्यांनी दिसतात. तेथून काहीही उचलू नये.